धुरांड्याभोवतीचा काथ्या

भट्टी पेटली की मला एका जागी बसवत नाही. हातात कितीही काम असू दे, दर अर्ध्या तासाने मी उठते, मागच्या पडवीत स्टूल सरकवते, पदर खोचून त्यावर चढते आणि धुरांड्याच्या बाजूच्या वाशाला तळवा लावून बघते. गार लागला की उतरते. परत रसाच्या टोपाकडे. परत अर्ध्या तासाने तेच. माझी धाकटी जाऊ म्हणते, "वैनी, त्या वाशाला ताप आलाय काय बघताय?" म्हणू दे. तिने तो वासा तापलेला पाहिलाय, तरी म्हणते. तिचा स्वभावच तसा.

हे वेड मला कसं लागलं ते सांगते. शाळा माझी चौथीपर्यंतच, त्यामुळे सुरुवात एकीकडे नि शेवट दुसरीकडे होईल, सांभाळून घ्या.

आमचं घर पावस गावाच्या अलीकडे, आंब्याच्या कलमांच्या बागेतच. भिंती चिऱ्याच्या, वर कौलं, मागे लांबलचक पडवी. मे महिन्यात त्या पडवीत जाऊ आणि मी आंब्याचा रस डब्यांत भरून देतो. लोक आपापल्या झाडांचे आंबे घेऊन येतात, आम्ही रस काढतो, टोपात गरम करतो, डबे भरून मशिनवर झाकण दाबून बसवतो आणि मग ते डबे मोठ्या टाकीत उकळत्या पाण्यात सोडतो. म्हणजे वर्षभर टिकतात. एवढं पाणी गॅसवर उकळायचं म्हटलं तर सिलिंडर पुरतोय कशाला! बागेतल्या छाटणीची लाकडं पडलेलीच असतात. म्हणून चिऱ्याची भट्टी बांधली, आत विटा लावल्या, वर टाकी बसवली.

पहिल्या वर्षी धुराचा पाइप भिंतीतून आडवा काढला होता. सोपं वाटलं. भोक पाडलं, पाइप बाहेर काढला, झालं. पण दुपारी खारा वारा सुटला की धूर गेल्या वाटेने परत यायचा. आम्ही दोघी रडत रडत डबे भरायच्या. लोकांना वाटायचं घरात काहीतरी झालं. जावेला तर असा खोकला लागला की पावसाळा संपला तरी तो काही संपेना. तेव्हा मी ठरवलं, पुढच्या सीझनला धुरांडं सरळ उभं, छपरातून वर.

आता आमच्या ह्यांच्याविषयी सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हे आयुष्यभर होडीवर होते. तांडेल होते, होडीवर यांचा शब्द शेवटचा. गुडघे दुखायला लागले तेव्हा उतरले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. जुन्या लाकडी होड्यांच्या वेळचे माणूस. पावसाळ्याआधी होडी वर ओढायची, फळीफळीतल्या फटीत काथ्या ठासायचा. छिन्नी ठेवायची, वर मोगरी मारायची, ठक ठक ठक, आणि वरून राळ नि तेल कढवून फासायचं. मग त्या फटीतून समुद्राची काय बिशाद आत यायची! यांच्या हाताने बुजवलेली होडी गळत नाही, असं अख्ख्या बंदरावर म्हणायचे. आता होड्या फायबरच्या आल्या. काथ्याला कोण विचारतो, नि यांना तरी कोण विचारतो!

पण हात स्वस्थ बसत नाहीत. आमच्या घरात फट म्हणून राहत नाही. न्हाणीचं दार, खिडकीची चौकट, पाण्याची टाकी, जिथे दिसेल तिथे काथ्या. एकदा कुकर शिट्टीच्या बाजूने वाफ सोडतो म्हणून हे त्यालाही काथ्या लावायला निघाले होते. मी हातातून ओढून घेतला.

"अहो, वाफ जायलाच ठेवलंय ते भोक!"

"मग सांगायचं नाय आधी?" वर मलाच.

तेव्हा हसलो आम्ही. तेव्हाच शहाणी व्हायला हवी होती मी.

तर धुरांडं. रत्नागिरीहून एक वेल्डर बोलावला. तिशीतला माणूस, बोलायला भरभर, पण मापाला पक्का. आल्या आल्या त्याने भट्टी नाही बघितली, आधी छप्पर बघितलं. बाहेर जाऊन लांबून बघितलं, आढं केवढ्या उंचीवर आहे, वारा कुठून येतो, जवळ झाड कुठलं. मग म्हणाला, "काकी, पाइप आढ्याच्या वर दोन हात गेला पाहिजे. खाली राहिला तर वारा आढ्यावरून उडी मारून धूर परत आत ढकलणार. आणि सरळ जाऊ दे. मध्ये कोपरे नकोत. कोपऱ्यात काजळी बसते."

मला पटलं. ह्यांनाही पटलं. वाऱ्याचं बोलणं ह्यांना लगेच पटतं.

पटलं नाही ते सांध्यांचं. पाइपाचे चार तुकडे होते, एकात एक बसवायचे. वेल्डर वरच्या तुकड्याचं तोंड खालच्या तुकड्याच्या आत घालायला लागला. हे खाटेवर बसून बघत होते, ते उठलेच.

"अरे उलटा बसवतोस तू. वरचा बाहेरून येऊ दे. कौलं कशी घालतो आपण? वरचं कौल खालच्यावर. पाणी बाहेरून ओघळून गेलं पाहिजे."

"काका, पाण्याचं नंतर. ह्याच्या आतून काय ओघळणार ते बघा. लाकडाचा धूर गार झाला की त्याचं काळं चिकट पाणी होतं, डांबरासारखं. वरचा तुकडा बाहेरून घातला तर ते प्रत्येक सांध्यातून बाहेर गळणार. आत घातला तर आतल्या आत खाली भट्टीत येऊन जळून जाणार."

हे गप्प झाले. पण ती गप्प राहण्याची रीत मला माहीत आहे. होडीवर नवीन खलाशी काही सांगायला लागला की असेच गप्प व्हायचे म्हणे. ऐकून घेतलं म्हणजे मान्य केलं असं नाही.

मग आलं छपराचं काम. वेल्डरने पाइपाला कोपर टेकवलं आणि हात वाशाकडे लांब केला. हात पुरता लांब व्हायच्या आधीच बोटं वाशाला लागली, दुमडावा लागला.

"काकी, हे जमत नाय. साधा पाइप आहे, लाकडापासून हातभर लांब पाहिजे. लाकडाला चिकटायचं राहू दे, नुसत्या शेकानेसुद्धा रोज रोज वाळून वाळून एक दिवस पेट घेतं. हा एक वासा कापून बाजूला घ्यावा लागेल. सुतार आणा."

सुतार कुठला आणू? मे महिना! आमचा सुतार एका शाळेच्या छपरावर चढला होता, पावसाआधी ते पुरं करायचं म्हणून खाली उतरायला तयार नव्हता. आंबे तर झाडावर पिकायला लागलेले. आंबा थांबतोय होय कुणासाठी?

वेल्डरने डोकं खाजवलं. मग तात्पुरता उपाय काढला. दोन वाशांच्या बरोबर मधून पाइप नेला. छपरातल्या तेवढ्या भागापुरता त्याच्याभोवती दुसरा, मोठ्या घेराचा पाइप घातला. दोन्ही वाशांच्या आणि पाइपाच्या मध्ये पत्रे उभे केले, लाकडापासून बोटभर सुटे. आणि दोन पाइपांमध्ये, पत्र्यांच्या मागे, सगळीकडे फट मोकळी सोडली. खालून वर बघितलं की पाइपाभोवती आभाळाचं कडं दिसायचं.

जाताना मला म्हणाला, "काकी, एक ध्यानात ठेवा. ही फट म्हणजे चुकून राहिलेली नाय. हवा खेळली पाहिजे तिथून. तीच हवा लाकूड गार ठेवणार. सीझन झाला की सुतार आणा, मी येऊन नीट करून देतो, पावसासाठी वर छत्रीपण बसवतो. तोवर लाकडं सुकलेली जाळा, ओली नाय. नि महिन्यातून एकदा खालची झडप उघडून काजळी काढा."

मी सगळ्याला हो म्हटलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मला सांगितलं होतं. ह्यांना नाही, मला.

भट्टी पेटवली तर काय सांगू, धूर असा सरळ वर! जाऊ अंगणात जाऊन बघून आली नि म्हणाली, "वैनी, आगबोट झाली आपली." तिचा खोकला त्या आठवड्यात पहिल्यांदा जरा बसला.

पण ह्यांची नजर त्या कड्यावर. खाटेवर पडले की वर आभाळ दिसणार. "एवढं भोक ठेवून गेला मेला. पावसाला आमंत्रण. पहिल्या झडीला भट्टीत पाणी." मी म्हटलं, सीझन झाला की छत्री बसणार आहे. "तोवर?" म्हणाले. तोवर काय, त्याचं उत्तर माझ्याकडे होतं की! हवा खेळायला ठेवलंय म्हणायचं होतं. पण कोणीतरी आंबे घेऊन आलं, मी उठले, नि ते राहून गेलं.

मग भाट्याला नणंदेकडे बारसं आलं. दोन दिवस गेले मी. परत आले तर अंगणातूनच राळेचा वास. पडवीत हे उभे, बाह्या दुमडलेल्या, हात काळे, आणि चेहरा... काय सांगू, होडीवरून उतरल्यापासून तसा चेहरा बघितला नव्हता. कडं नाहीसं झालेलं. पाइपाभोवती, पत्र्यांच्या मागे, वाशापर्यंत काथ्या ठासून भरलेला, वरून राळ फासून तुळतुळीत केलेलं. काम सुंदर होतं हो, खोटं कशाला बोलू. एक धागा बाहेर आलेला नव्हता.

"वर चढ," म्हणाले, "नि घागरभर पाणी ओत. एक थेंब खाली आला तर नाव बदलीन."

ह्या वयात मी शिडीवर चढले. ओतलं. खालून ह्यांनी हाक मारली, "कोरडं! ओत अजून!" दुसरी घागर ओतली. कोरडं. उतरले तर हे तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत मोगरी पुसत होते. होडी पाण्यात सोडताना गुणगुणायचे ते.

मी म्हटलं, "झकास झालं हो."

हे मी म्हटलं. वेल्डरचे शब्द डोक्यात होते, तरी म्हटलं. मग स्वयंपाकघरात गेले, तांदूळ निवडायला घेतले, नि निवडलेलेच तांदूळ परत निवडत बसले.

तिथून माझी जी तगमग सुरू झाली! दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली. मी रस ढवळते आहे आणि नजर वर. ढवळता ढवळता रस खाली लागायला आला. जाऊ ओरडली. मी उठले, स्टूल घेतलं, वाशाला हात लावला. कोमट. मे महिन्यात आमच्याकडे सगळंच कोमट असतं, पाण्याचा तांब्यासुद्धा. मग लांबच्या वाशाला हात लावून बघितला. तो जरा कमी कोमट. की मलाच तसं वाटलं? परत पहिल्याला. परत दुसऱ्याला.

"वैनी, काय हरवलंय?" जाऊ.

"काय नाय गो. कोळ्याचं जाळं काढते."

वासाचंही तसंच. काथ्या जळल्याचा वास मला डोळे मिटूनसुद्धा ओळखू येईल. पण आमच्याकडे तो वास कुठे नसतो? नारळाची सोडणं न्हाणीच्या चुलीत जळतात, डासांना धुरी द्यायला जळतात, शेजारी जळतात, पलीकडे जळतात. मी वास आला की उठून न्हाणीत जायची, चूल बघायची. चूल विझलेली असली की शेजारच्या अंगणात डोकावायची. शेजारीण म्हणाली, "काकू, साखर-बिखर पाहिजे काय? रोज येऊन परत जाताय."

दुपारी पडायची सवय माझी, तीही गेली. आडवी झाले की वाटायचं, वर माळ्यावर गवताच्या पेंढ्या आहेत. उठायची. पेंढ्या दोन दिवसांत एकटीने खाली आणल्या, गोठ्यात ठेवल्या. ह्यांनी विचारलं तर म्हटलं उंदीर झालेत.

एकदा मात्र धीर केला. जेवताना म्हटलं, "अहो, तो वेल्डर म्हणाला होता, तिथे हवा खेळली पाहिजे."

हे भात कालवत होते. वर न बघता म्हणाले, "वेल्डर कालचा. त्याला म्हणावं, पाऊस आडवा कसा येतो ते बघ आधी आमच्याकडे. जन्म गेला माझा, पाण्याला आत येऊ दिलं नाय." मग जरा थांबून, "गळलं काय तुझ्या पाण्याने?"

"नाय."

"मग?"

एवढ्या वर्षांत माणसाला कुणी काम सांगितलं नाही. स्वतःहून केलं, नि ते आता उचकटा म्हणू? आणि खरंच पेटत असेल कशावरून? पेटत नसेल तर? उगीच एका म्हाताऱ्याचा पाणउतारा. असं मी स्वतःला सांगायची नि दहा मिनिटांनी स्टुलावर.

पाचव्या दिवशी मोठी रास आली. एकाच बागेचे आंबे, सगळे एकदम पिकलेले, त्याच दिवशी डब्यांत जायला हवेत. पहाटे भट्टी पेटवली ती विझवलीच नाही. मी सकाळी मोबाइलवर त्या काथ्याचा फोटो काढला आणि वेल्डरला पाठवला. खाली लिहिलं, हे चालेल का? एक बरोबरची खूण आली. दुसरी येईना. त्याच्या बायकोला फोन केला तर म्हणाली नाटे गावाला कामावर गेलेत, तिकडे रेंज नसते. मी पिशवीत मोबाइल ठेवायची, काढायची, बघायची. रसाचे हात लागून त्याची काच पिवळी झाली.

दुपार व्हायला आली. वाशाला हात लावला आणि पटकन मागे घेतला. तरी खात्री पटेना, हो! माणसाचं मन किती वेडं. मला वाटलं माझाच हात गरम टोपाचा आहे. मग गोणी शिवायचं दाभण आणलं. स्टुलावर चढले आणि त्या तुळतुळीत राळेतून दाभण आत खुपसलं. बाहेरून कडक, आत एकदम मऊ गेलं, जणू आत काही नाहीच. ओढलं तर दाभणाने बोट भाजलं. आणि त्या भोकातून धुराची एक बारीक दोरी निघाली. शांतपणे, उदबत्तीची निघते तशी.

मी कशी उतरले आठवत नाही. "अहो!" एवढंच ओरडले.

हे आले. दोरी बघितली. होडीवरचा माणूस घाबरत नाही म्हणतात ते खोटं, चेहरा पांढराफटक पडला होता. पण हात चालायला लागले. "भट्टीची हवेची झडप बंद कर. लाकूड घालू नको. गोणपाट भिजवून दे. घमेल्यात वाळू." जाऊ धावली, मी धावले. हे दुखऱ्या गुडघ्यांनी शिडी चढले, पाइपाच्या आजूबाजूची कौलं काढून बाजूला रचली. एक फोडलं नाही, बघा! आणि ज्या छिन्नीने ठासलं होतं त्याच छिन्नीने उकरायला लागले.

वरची राळ निघाली तोवर काही दिसलं नाही. आत हवा लागली मात्र, सगळा काथ्या लालबुंद फुलला. पाइपाकडून वाशापर्यंत निखाराच झाला होता त्याचा. हे तो खरवडून घमेल्यात टाकायचे, मी वरून वाळू घालायची, जाऊ ते घमेलं अंगणात नेऊन उपडं करायची. ओलं गोणपाट वाशावर टाकलं तर चर्रर्र आवाज झाला. वाशाची एक बाजू बोटभर खोल कोळसा झाली होती. ऐनाचं लाकूड, सासऱ्यांनी घातलेलं.

सगळा काथ्या निघाला. पाइपाभोवती परत आभाळाचं कडं दिसायला लागलं. ह्यांच्या दोन बोटांना फोड आले होते, मी तूप लावायला गेले तर हात मागे घेतला.

आणि तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. वेल्डर. जोरात ओरडत होता, अंगणात ऐकू येईल असा. "काकी! काढा ते! आत्ताच्या आत्ता काढा! भट्टी विझवा!"

"काढलं रे बाबा," मी म्हटलं, आणि मला एकदम रडू फुटलं. जावेने मोबाइल घेतला नि त्याला म्हणाली, "तुमची रेंज आमच्या आगीपेक्षा सावकाश येते हां."

आंबे तसेच पडलेले. पिकलेला आंबा आपली वाट बघत बसत नाही. जावेने अंगणात तीन दगड मांडले, जुनं पातेलं चढवलं, आणि थोडे थोडे करून ते डबे आम्ही उन्हातच उकळले. धूर डोळ्यांत. जाऊ खोकली.

हे पडवीच्या पायरीवर बसून होते. हातात छिन्नी. म्हणाले, "आतून कोळसा झाला होता गो. बाहेरून काय सुद्धा कळत नव्हतं."

मी त्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, "मला सांगितलं होतं वेल्डरने. ती फट मुद्दाम आहे म्हणून. पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नायस?"

"बोलले की एकदा. जेवताना."

"ते बोलणं नाय. ज्या दिवशी पाणी ओतलंस त्या दिवशी का नाय बोललीस?"

मी खरं तेच सांगितलं. "तुम्ही गुणगुणत होता."

ह्यांनी मग छिन्नी पायरीवर ठेवली. "घर जळलं असतं तरी चाललं असतं काय तुला? मी गुणगुणतोय म्हणून?"

मी तूप पुढे केलं. ह्या वेळी हात मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी हे स्वतः त्या शाळेत गेले आणि सुताराला छपरावरून उतरवून घेऊनच आले. कसं आणलं मला माहीत नाही, ह्यांना होडीवरचा आवाज अजून येतो. वेल्डरही आला. त्याने जळका वासा बघितला, ह्यांच्याकडे बघितलं, आणि शहाणा माणूस, सरळ माप घ्यायला लागला. सुताराने तो वासा मधून कापला, दोन्ही टोकांना आडवी लाकडं देऊन शेजारच्या वाशांना जोडून घेतला, म्हणजे भार त्यांच्यावर गेला. पाइपाभोवती चारी बाजूंनी हातभर अंतरात लाकूड राहिलं नाही. ह्यांनी स्वतःचं कोपर लावून चारी बाजू मोजल्या, दोन दोनदा. त्या चौकात कौलांऐवजी पत्रा आला, मध्ये भोक पाइपापेक्षा मोठं, भोकाची कड वर उभी वळवलेली. आणि पाइपालाच, त्या कडेच्या जरा वर, गोल पत्र्याची छत्री जोडली. पाऊस छत्रीवरून पत्र्यावर जाणार, आणि छत्रीखालून हवा येणार-जाणार. अगदी वरच्या टोकाला टोपी, तीही बाजूंनी मोकळी.

"आता पाणी ओतून बघू," हे म्हणाले.

मला वर चढू दिलं नाही. सुतारच वर होता, त्याने ओतलं, तेही सरळ नाही, ह्यांनी खालून सांगितलं तसं आडवं, वाऱ्याबरोबर येतं तसं. एक घागर. काही नाही. दुसरी घागर. आणि छत्रीखालून एक थेंब पाइपावरून घरंगळत आला, भट्टीच्या कठड्यावर पडला. मग दुसरा. मग तिसरा.

मी ह्यांच्याकडे बघितलं. कोपऱ्यात उरलेल्या काथ्याची गुंडाळी होती, ह्यांच्या पायापाशीच. ह्यांचा हात तिकडे गेला. सवयीने गेला असणार. वेल्डर शिडीचं एक पाऊल उतरला होता, तो तिथेच थांबला.

हे वाकले, गुंडाळी उचलली आणि बाहेर जाऊन न्हाणीच्या चुलीपाशी टाकून आले. येताना हातात जुनं तपेलं. ते थेंबाखाली ठेवलं.

"गळतंय," मी म्हटलं.

"गळूंदे," हे म्हणाले.

तेव्हापासून ते तपेलं तिथेच आहे. भर आषाढात आडवी झड आली की त्यात टप टप वाजतं आणि हे दर थेंबाला तोंड वाकडं करतात, पण उठत नाहीत. सीझन आला की सुकलेलीच लाकडं जाळतो, महिन्याला झडप उघडून काजळी काढतो. वासा नेहमी गारच लागतो. तरी माझं स्टूल काही सुटत नाही. वेल्डर म्हणतो, काकी, आता कशाला?

यंदाच्या सीझनच्या पहिल्या दिवशी भट्टी पेटली. मी डबे मोजत होते, मोजता मोजता चुकले नि उठले. पडवीत गेले तर स्टूल जागेवर नाही. बघते तर धुरांड्याखाली आधीच मांडलेलं. त्याच्यावर हे. एक हात भिंतीला, गुडघा सांभाळत, आणि दुसरा हात वर, वाशावर पालथा.

माझी चाहूल लागली तरी वळले नाहीत.

"गार हाय," म्हणाले. "जा तू. अर्ध्या तासाने ये."